‘सगळं धरून’ भाडे: ठाण्यात आलिशान फ्लॅट घेताना काय विचारावे आणि काय लिहून घ्यावे

घोडबंदर रस्ता, पोखरण रोड, कोलशेत किंवा माजिवडा, यांपैकी कुठेही तीस-पस्तीस मजली इमारतीत भाड्याचा फ्लॅट पाहायला गेले की दलाल लिफ्टमध्येच सांगून टाकतो, “पंच्याण्णवमध्ये सगळं धरून. तुम्ही फक्त कपडे घेऊन या.” हे वाक्य खोटे नसते, पण त्यातल्या ‘सगळं’ या शब्दाचा अर्थ दलालाच्या मनात एक, घरमालकाच्या मनात दुसरा आणि भाडेकरूच्या मनात तिसराच असतो. मेन्टेनन्स, लाइट बिल, पाइप गॅस, इंटरनेट, क्लबहाउस, पार्किंग, जनरेटरची वीज, एसीचे सर्व्हिसिंग आणि कधीकधी घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार, इतक्या गोष्टी त्या एका शब्दात मावतात, किंवा त्यांतल्या निम्म्या बाहेर राहतात. म्हणून असे घर घेताना पहिले काम म्हणजे या शब्दाची फोड करणे: प्रत्येक खर्च कोण भरणार, कितीपर्यंत भरणार आणि त्याचे बिल कोणाला दिसणार.

फोड करायला बसले की लक्षात येते, की मेन्टेनन्स घरमालकाने भरावा ही ठाण्यातली जुनीच रीत आहे. त्यामुळे ‘मेन्टेनन्स धरून’ ही सवलत म्हणून कोणी सांगत असेल, तर ती सवलत नव्हे. मोठ्या संकुलांत मेन्टेनन्सची रक्कम लक्षात येण्याइतकी असते, दरमहा ७,५०० रुपयांच्या वर गेल्यास तिच्यावर जीएसटीही येऊ शकतो, आणि घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. हे सारे मालकाचे ओझे आहे. ते ‘इतर खर्च’ या नावाने भाडेकरूकडे सरकवले जात नाही ना, एवढे पाहावे. खरी घासाघीस विजेवर होते.

लाइट बिल: रुपयांत नव्हे, युनिटांत बोला

आमचा पहिला धडा याच बाबतीतला. फ्लॅट घोडबंदर रस्त्यावर, चौदाव्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. घरमालक साठीच्या पुढचे, बोलायला गोड. “काका, लाइट बिल धरून म्हणजे कितीपर्यंत?” असे विचारले, तर ते हसून म्हणाले, “अहो, तुम्ही तिघंच. कितीसं येणार?” करारात एजंटाने ‘वीज: वाजवी वापरापर्यंत समाविष्ट’ असे लिहिले आणि आम्ही सह्या केल्या. मे महिन्याचे बिल आले तेव्हा काकांचा फोन आला, आणि त्या दिवशी आम्हांला कळले, की त्यांच्या लेखी वाजवी वापर म्हणजे पंखे, आणि आमच्या लेखी रात्रभर दोन एसी. कोणाचेच चुकले नव्हते; चुकला होता तो शब्द. जादा रक्कम अर्धी-अर्धी वाटून घेतली आणि पुढच्या करारात आकडा घातला.

हा आकडा काढणे अवघड नाही. ठाणे शहराच्या बहुतेक भागाला आणि नवी मुंबईला महावितरणची वीज आहे. कळवा, मुंब्रा, शीळ या पट्ट्यात २०२० पासून टोरंट पॉवर काम पाहते. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो. घरमालकाकडून कोणतेही एक ताजे बिल मागितले, तरी आधीचा उन्हाळा आणि आधीचा हिवाळा एकाच कागदावर दिसतो. मात्र मधल्या काळात घर रिकामे असेल तर आलेखातले खांब आखूड दिसतील आणि ते पाहून भलताच भरवसा बसेल. म्हणून त्या महिन्यांत घरात कोण राहत होते, हेही विचारावे.

मग स्वतःचा हिशेब मांडावा. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री स्थिरावल्यावर सरासरी ताशी एक युनिटाच्या आसपास खातो असे धरले, तर दोन शयनगृहांतले दोन एसी आठ-आठ तास चालवल्यास दिवसाला १६ आणि महिन्याला ४८० युनिट होतात. दिवाणखान्यातला एसी संध्याकाळी चार तास लावला तर आणखी १२० युनिट. फ्रिज, दिवे, पंखे, वॉशिंग मशीन आणि टीव्ही मिळून दीडशे धरले, की मे महिन्याचा वापर साडेसातशे युनिटांपर्यंत जातो. हेच कुटुंब जानेवारीत दोनशे-अडीचशेत भागवते, कारण तेव्हा एसी बंद असतो आणि फक्त गीझरची भर पडते. याचा अर्थ असा, की ‘दरमहा ३०० युनिटांपर्यंत समाविष्ट’ अशी अट दिसायला उदार असली, तरी जानेवारीत न वापरलेले युनिट बुडतात आणि मेमधले सगळे जादा धरले जातात. भाडेकरूने मर्यादा वर्षाची मागावी: उदाहरणार्थ, वर्षाला ४,२०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ३५०, आणि हिशेब वर्षअखेरीस किंवा घर सोडताना एकदाच.

मर्यादा रुपयांत का नको, याचे कारण बिलाच्या रचनेत आहे. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पहिली १०० युनिट सर्वांत स्वस्त, मग ३०० पर्यंतचा टप्पा, मग ५०० पर्यंतचा आणि त्याच्या वरचा आणखी महाग. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार आणि शेवटी १६ टक्के वीज शुल्क असते. हे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात. ‘तीन हजार रुपयांपर्यंत’ असे लिहिले आणि मध्येच दर वाढले, तर तुमचा वापर न वाढताही तुम्ही मर्यादेच्या बाहेर जाता. युनिटांत लिहिले, तर दरवाढ ज्याने वीज ‘धरून’ दिली त्याच्याकडे राहते. जादा युनिटांचा दरही तेव्हाच ठरवून टाकावा. मालक सर्वांत वरच्या टप्प्याचा दर मागतो, भाडेकरूला खालचा हवा असतो; एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारा सरासरी दर हा दोघांना पटणारा मध्यममार्ग आहे.

बिल मालकाच्या नावावर आणि भरणाही त्याच्याकडे, या व्यवस्थेत एक धोका असतो: तो भरायला विसरला तर अंधार तुमच्या घरात होतो. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी कंपनीने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी, असे वीज कायदा २००३ मध्ये आहे. परंतु नोटीस किंवा मोबाइलवरचा संदेश नोंदणीकृत क्रमांकावर, म्हणजे मालकाकडे जातो. यासाठी वीज ग्राहक क्रमांक करारातच लिहून घ्यावा. तो क्रमांक हाताशी असला की महावितरणच्या ॲपवर बिल स्वतः पाहता येते, आणि वेळ आलीच तर भरून ती रक्कम भाड्यातून वळती करता येते. ‘वळती करता येईल’ हे शब्दही करारात हवेत.

पाणी, जे बिलात दिसत नाही

पाणीपट्टी मेन्टेनन्समध्येच असते, त्यामुळे ‘पाणी धरून’ या शब्दांना फारसा अर्थ नाही. प्रश्न पाणी कोणते आणि किती वेळ, हा आहे. ठाणे महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. शहराला स्वतःच्या योजनेबरोबरच स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून पाणी घ्यावे लागते, आणि वाहिनीच्या दुरुस्तीसाठी दिवसभराचा बंद जाहीर झाला की घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या फाटकापुढे टँकरची रांग लागते. पाहायला गेलेल्या संकुलात उन्हाळ्यात आठवड्याला किती टँकर येतात, हे दलालाला नव्हे तर सुरक्षारक्षकाला विचारावे. टँकरची नोंदवही त्याच्याकडे असते. नव्या टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची महापालिकेची परवानगी, मिळाले आहे का, हे विचारणे तर अनिवार्यच समजावे, कारण ते नसताना महापालिकेची नियमित नळजोडणी मिळणे अवघड असते आणि चकचकीत लॉबी असलेली इमारतही महिनोन्‌महिने टँकरवर जगते. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत, वाशी-नेरूळ-सीवूड्‌सकडे, मोरबे धरणामुळे ही चिंता तुलनेने कमी असते. खारघरपासून पुढची व्यवस्था निराळी आहे, तिथे हे प्रश्न पुन्हा विचारावेत.

घर पाहण्याची वेळ सकाळी आठची मागावी. दलाल दुपारी चार सुचवतो, कारण तेव्हा ऊन खिडकीतून छान येते. सकाळी आठला दोन्ही न्हाणीघरांतले शॉवर एकाच वेळी सोडावेत आणि स्वयंपाकघरातला नळही उघडावा. धार बारीक होते का, ते लगेच कळते. गरम पाण्याच्या नळाखाली पांढरट खार साचला असेल, तर बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते, असे समजायला हरकत नाही. मग गीझर आणि वॉशिंग मशीन यांच्या दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे आताच बोलावे. फ्लशमध्ये किंचित पिवळसर पाणी दिसले तर घाबरू नये. मोठ्या संकुलांत प्रक्रिया केलेले सांडपाणी वेगळ्या नळाने फ्लशला दिलेले असते. तसे आहे याची खात्री मात्र सोसायटीच्या कार्यालयातून करून घ्यावी.

गॅस, इंटरनेट, जनरेटर आणि बाकीचे

पाइप गॅस महानगर गॅसचा असतो, बिल साधारण दोन महिन्यांनी येते आणि तीन-चार माणसांच्या घरी फार मोठे नसते. त्यासाठी वाद घालण्यात अर्थ नाही. इंटरनेट मालकाच्या नावावर असेल तर वेग आणि कंपनी विचारावी. घरून काम करणाऱ्याने आपली स्वतःची जोडणी घेण्याचा हक्क राखून ठेवावा, कारण काही संकुलांत ठरावीक कंपन्यांच्याच तारा वरपर्यंत नेऊ देतात.

जनरेटरच्या विजेबद्दल मात्र बारकाईने विचारावे. काही इमारतींत जनरेटरवर फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे चालतात. काहींत घरातले एक-दोन पॉइंट चालतात. आणि अगदी महागड्या इमारतींत सगळे घर चालते, पण त्याचा मीटर निराळा आणि डिझेलमुळे युनिटचा दर महावितरणच्या कितीतरी पट असतो. ही रक्कम लाइट बिलात येत नाही, सोसायटीच्या बिलात येते, आणि ‘सगळं धरून’ मधून ती हमखास निसटते.

पार्किंगची जागा क्रमांकासह करारात लिहून घ्यावी. यांत्रिक, एकावर एक असे पार्किंग असेल तर आपली गाडी उंचीला बसते का, हे गाडी प्रत्यक्ष आत घालून पाहावे. उंच एसयूव्ही खालच्या पाळण्यात न मावल्याने नव्या भाडेकरूने पहिल्याच रात्री गाडी रस्त्यावर लावलेली आम्ही पाहिली आहे. क्लबहाउस आणि पोहण्याचा तलाव ही या घरांची मोठी जाहिरात असते. अनेक सोसायट्यांत भाडेकरूला त्यासाठी वेगळी नोंदणी करून शुल्क भरावे लागते. शिवाय घरमालक स्वतः तेच सदस्यत्व वापरत राहिला तर तुम्हांला ते मिळत नाही. लग्नाच्या हॉलसारखा वापरता येणारा भव्य क्लब पाहून भाडे दहा हजारांनी वाढवून देण्याआधी, आपण आठवड्यातून किती वेळा पोहणार, हे प्रामाणिकपणे मनाशी मोजावे.

एकच रक्कम की दोन?

सारे ठरल्यावर पंच्याण्णव हजार ही एकच रक्कम ‘भाडे’ म्हणून लिहावी, की पंच्याऐंशी हजार भाडे आणि दहा हजार खर्चांपोटी अशी विभागणी करावी? आमचे मत विभागणीच्या बाजूचे आहे. दुसऱ्या वर्षी भाडे ५ टक्क्यांनी वाढते तेव्हा एकत्र रकमेत विजेचा आणि इंटरनेटचा वाटाही विनाकारण वाढतो; विभागणी असेल तर वाढ फक्त भाड्यावर होते. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची वजावट घेणाऱ्यालाही पावतीवर भाडे स्पष्ट असलेले बरे, कारण ती वजावट भाड्यापोटी आहे, लाइट बिलापोटी नाही. काही घरमालक फर्निचरच्या भाड्याचा वेगळा करार मागतात. त्यात गैर काही नाही, फक्त दोन्ही करारांची मुदत आणि नोटीस एकच असावी, नाहीतर घर सोडल्यावर सोफ्याचे भाडे चालू राहायचे.

महिन्याचे भाडे ५०,००० रुपयांच्या वर असेल, आणि या वर्गातल्या घरांचे बहुधा असतेच, तर भाडेकरूवर उद्गम करकपातीची, म्हणजे टीडीएसची जबाबदारी येते. पगारदार माणसालाही ही कपात करावी लागते, हे पुष्कळांना नोटीस आल्यावरच कळते. घरमालक भारतात राहणारा असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे. कपात आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, किंवा त्याआधी घर सोडल्यास शेवटच्या महिन्यात, एकदाच करायची असते आणि त्यासाठी दोघांचे पॅन पुरतात. ८५,००० रुपये भाड्याने बारा महिने राहिल्यास ही रक्कम २०,४०० रुपये होते. ती मार्चच्या भाड्यातून कापली जाईल, हे घरमालकाला पहिल्या दिवशीच सांगावे, म्हणजे मार्चमध्ये गैरसमज होत नाही. सगळे एकत्र ‘भाडे’ म्हणून लिहिले असेल, तर कपातही त्या सगळ्यावर धरली जाण्याची शक्यता असते. विभागणीला हे आणखी एक कारण.

घरमालक अनिवासी भारतीय असेल तर गणित पूर्ण बदलते. तेव्हा ५०,००० ची मर्यादा लागत नाही, दर ३० टक्के आणि त्यावर उपकर असा असतो, कपात प्रत्येक वेळी करायची असते आणि भाडेकरूला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक, काढावा लागतो. ठाण्यातल्या आलिशान फ्लॅटांचे मालक दुबईत, सिंगापुरात किंवा अमेरिकेत असणे ही रोजची गोष्ट आहे, आणि चाव्या त्यांच्या इथल्या भावाकडे किंवा सासऱ्यांकडे असतात. “भाडे माझ्याच खात्यात टाका” असे सासरेबुवा म्हणाले, तरी मालक कोण, हे कागदावरून ठरते, खात्यावरून नाही. सही करणाऱ्याकडे मालकाचे मुखत्यारपत्र आहे का, तेही पाहावे.

टोकन आणि करार

टोकन, म्हणजे घर अडवून ठेवण्याची आगाऊ रक्कम, देण्याआधी तीन कागद पाहावेत: सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू) किंवा सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि लाइट बिल. तिन्हींवरचे नाव आणि फ्लॅट क्रमांक जुळला पाहिजे. घर न पाहता, व्हिडिओवर पसंत करून, समोरच्याने पाठवलेल्या क्यूआर कोडवर ‘परत मिळणारे टोकन’ भरणाऱ्यांचे पैसे परत येत नाहीत. दलालाची दलाली या भागात बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी असते; ती भाड्यावर मोजायची की ‘सगळं धरून’ रकमेवर, हे टोकनपूर्वी बोलावे. विभागणी केलीत तर इथेही दहा हजार वाचतात.

करार लिव्ह अँड लायसन्सचाच होईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नुसते नोटरी पुरते, ही समजूत इतर राज्यांतून आलेली आहे. आपल्याकडे ती चालत नाही. नोंदणी नसेल आणि अटींबद्दल वाद झाला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे घरमालकांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. उलट बाजूने, मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परतफेडीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. उदाहरणार्थ, चोवीस महिने मुदत, पहिल्या वर्षी ८५,००० आणि दुसऱ्या वर्षी ८९,२५० रुपये भाडे, आणि तीन लाख अनामत: भाड्याची बेरीज २०,९१,०००, अनामतीवरचे दोन वर्षांचे व्याज ६०,०००, मिळून २१,५१,००० आणि शुल्क सुमारे ५,४०० रुपये. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये आहे. बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र घेऊन घरी येणारा नोंदणीचा एजंट आपली मजुरी वेगळी लावतो. बहुधा हा खर्च दोघे निम्मा-निम्मा वाटून घेतात.

ऑनलाइन मसुद्यात ठरावीक कलमे आधीच असतात आणि जादा अटी घालायचा एजंटाला कंटाळा असतो. “ते तुम्ही आपसांत बोलून घ्या” असे तो म्हणेल. तिथे नमू नये. आमच्या दुसऱ्या करारात घातलेला मजकूर साधारण असा होता: ‘भाडे आणि मासिक खर्च या रकमांत वर्षाला ४,२०० युनिटांपर्यंत वीज, पाइप गॅस, इंटरनेट, सोसायटीचा मेन्टेनन्स, जनरेटरचे शुल्क आणि एसीचे वर्षातून दोन वेळा सर्व्हिसिंग समाविष्ट आहे. जादा युनिटांचा हिशेब वर्षअखेरीस त्या वर्षाच्या सरासरी दराने होईल. घरमालकाने बिल मुदतीत न भरल्यास भाडेकरू ते भरून पुढील महिन्याच्या रकमेतून वळते करील.’ चार ओळी, पण त्यानंतर दोन वर्षे फोन आला तो फक्त दिवाळीच्या शुभेच्छांचा.

याशिवाय लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आणि दोन्ही बाजूंना लागू आहे का, नोटीस एक महिन्याची की दोन, आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, हे लिहिलेले असावे. भाडे जवळजवळ शून्य आणि अनामत वीस-पंचवीस लाख, अशा ‘हेवी डिपॉझिट’च्या व्यवहारापासून लांब राहावे, एवढी रक्कम एका माणसाच्या शब्दावर अडकवून ठेवण्याइतके कोणतेच घर आलिशान नसते.

चावी घेण्याचा दिवस

आमच्याच इमारतीत दुसऱ्या फ्लॅटमध्ये जाताना घडलेली गोष्ट. सुरक्षारक्षकाने तळमजल्यावरच्या मीटर रूमचे कुलूप काढून दिले. आत ओळीने मीटर, प्रत्येकाखाली मार्करने लिहिलेला फ्लॅट क्रमांक, काही पुसट, काही खोडून पुन्हा लिहिलेले. आमच्या क्रमांकाखालच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता, आणि वर तर आम्ही सगळे बंद करून आलो होतो. वर घरात थांबलेल्या आमच्यातल्या एकाला फोन लावला. “मेन स्विच बंद आहे ना?” “बंद आहे.” दिवा लुकलुकतोच. “आता चालू कर, तिन्ही एसी लाव.” “लावले.” त्या मीटरवर काही फरक नाही; त्याच्या शेजारचा मीटर मात्र झपाझप लुकलुकू लागला. मार्करने लिहिणाऱ्याची चूक होती आणि आधीचा भाडेकरू दीड वर्ष शेजाऱ्याच्या मीटरचे आकडे पाहून हिशेब करत होता. बिलावरचा मीटर क्रमांक आणि प्रत्यक्ष मीटरवर कोरलेला क्रमांक ताडून पाहायला पाच मिनिटे लागतात. जिथे वीज भाड्यात धरलेली आहे, तिथे ही पाच मिनिटे सर्वांत आधी खर्च करावीत, आणि त्या दिवशीच्या विजेच्या व गॅसच्या रीडिंगचा फोटो घरमालकाच्या देखत काढून त्यालाच पाठवावा.

मग घर. प्रत्येक एसी वीस मिनिटे चालवून पाणी आत गळते का ते पाहावे; हॉब, चिमणी, डिशवॉशर आणि प्रत्येक गीझर चालू करून पाहावा. सामानाची यादी नुसती ‘सोफा १, टीव्ही १’ अशी नको. सोफ्यावरचा डाग, टीव्हीच्या कडेचा ओरखडा आणि लाकडी फरशीचा फुगलेला तुकडा फोटोसह यादीत यावा, कारण अनामतीतून कापले जाणारे पैसे याच तीन गोष्टींचे असतात. पश्चिमेकडच्या मोठ्या काचांच्या खालची भिंत हाताने चाचपावी. रंग नवा आणि खालून भुसभुशीत लागला तर पावसाचे पाणी आत येते. अशी खिडकी दुपारनंतर घर तापवते आणि एसीचे युनिट वाढवते, हे मघाच्या ४,२०० च्या आकड्याशी जोडून पाहावे. येऊरच्या जंगलाच्या बाजूचा देखावा सुंदर असतो, पण तिथे गॅलरीला जाळी आहे का, ते पाहावे, कारण माकडे येतात. हमरस्त्याकडे तोंड असेल तर रात्री अकरानंतर एकदा येऊन पाच मिनिटे गॅलरीत उभे राहावे. घोडबंदरवर अवजड वाहनांचा खरा आवाज तेव्हाच कळतो.

सोसायटीला भाडेकरूची माहिती आणि कराराची प्रत घरमालकाने द्यायची असते, आणि पोलिसांकडे भाडेकरूची नोंदही त्यानेच करायची. ती ऑनलाइन होते. दोन्हींची पोच आपल्याकडे मागून ठेवावी. सामान चढवायला सोसायटी सर्व्हिस लिफ्टची वेळ ठरवून देते आणि काही ठिकाणी त्यासाठी अनामत घेते. रविवारी परवानगी नसते असे बऱ्याच संकुलांत आहे, तेव्हा टेम्पो ठरवण्याआधी व्यवस्थापकाला विचारावे.

घर सोडताना हाच क्रम उलटा फिरवायचा. नोटीस लेखी द्यावी, शेवटच्या दिवशी मीटरचे दोन फोटो काढावेत, जुन्या यादीतली एकेक ओळ घरमालकासमोर वाचावी आणि युनिटांचा हिशेब जागच्या जागी करून अनामत चाव्या देतानाच घ्यावी. “बिल आल्यावर बघू” असे मालक म्हणाला, तर शेवटच्या रीडिंगवरून निघणारी रक्कम तेवढीच राखून बाकीची त्याच दिवशी मागावी. गॅसच्या शेवटच्या बिलालाही दोन महिने लागू शकतात, त्याचेही असेच करावे. फाटकावरच्या ॲपमधून आपले आणि मावशींचे नाव काढायला विसरू नये. आम्ही विसरलो होतो, आणि घर सोडल्यावर तीन आठवडे नव्या भाडेकरूंचा प्रत्येक कुरिअरवाला आमच्याच फोनवर परवानगी मागत होता.